कंपाईल होतो, पण काट्यावर चालत नाही: हाताने बांधलेल्या जावा प्रकल्पातील त्रयस्थ क्लासचे प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्यात ऊस वजनाचे तीन काटे आहेत. केनयार्डात रांगेत उभे असलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या आधी काट्यावर येतात, भरलेले वजन होते, मग गव्हाणीत ऊस उतरवून वाहन परत काट्यावर येते आणि रिकामे वजन होते. दोन्हींची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होणारा ऊस. काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलवरून वजनाचा आकडा सतत पाठवत असतो, तो काट्याच्या केबिनीतल्या संगणकावरील प्रोग्रॅम वाचतो आणि पावती छापतो. गाळप सुरू झाले की ही केबिन चोवीस तास चालते. प्रोग्रॅम अर्धा तास बंद पडला तरी वाहनांची रांग रस्त्यापर्यंत जाते.

हा प्रोग्रॅम २०१२ साली कारखान्याच्या संगणक विभागातील एका प्रोग्रॅमरने जावामध्ये लिहिला. त्याने मेव्हन, ग्रेडल यांसारखे प्रोग्रॅम बांधून देणारे साधन वापरले नव्हते आणि कोणत्याही आयडीईचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या खास सॉफ्टवेअरचा, प्रकल्पही बनवला नव्हता. साध्या एडिटरमध्ये लिहिलेल्या फाइली आणि त्या कंपाईल करून, म्हणजे जावाला चालवता येतील अशा क्लास फाइलींत बदलून, त्यांचा एकत्र गठ्ठा म्हणजे जार बनवणारी चार ओळींची एक बॅट फाइल (विंडोजच्या आज्ञांची यादी), एवढाच पसारा होता. बाहेरच्या, म्हणजे त्रयस्थांनी लिहिलेल्या तयार क्लासच्या, लायब्ररी दोन होत्या. सीरियल पोर्टसाठी आरएक्सटीएक्स आणि एक्सेल फाइलींसाठी अपाचे पीओआय ३.८. तो प्रोग्रॅमर पुढे नोकरी सोडून गेला, पण प्रोग्रॅम दहा हंगाम विनातक्रार चालला.

ऑगस्ट २०२२ मध्ये ज्या संगणकावर हा प्रोग्रॅम कंपाईल होत असे, त्याची हार्ड डिस्क गेली. सोर्स फाइली आणि बॅट फाइल सर्व्हरवर सुरक्षित होत्या, त्यामुळे कोणालाही फारशी काळजी वाटली नाही. नवा संगणक आला, त्यावर ६४ बिटचे विंडोज १० आणि जेडीके १७, म्हणजे कंपायलरसह जावाच्या साधनांचा संच, टाकले गेले. त्याच सुमारास शेतकी खात्याने रोजचा ऊस आवक अहवाल एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस ऐवजी नव्या एक्सएलएसएक्स स्वरूपात मागितला. विभागात नव्याने लागलेल्या तरुण प्रोग्रॅमरकडे हे काम सोपवले गेले. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून गाळप असा बेत असल्याने हातात महिनाभराचा अवधी होता. मी बाहेरचा सल्लागार म्हणून या प्रकरणात आलो, तेव्हा त्यातले तीन आठवडे उरले होते.

केबिनींमधली स्थिती पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून ती येथेच सांगतो. पहिल्या दोन केबिनींत ३२ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे जावा ८ होते. तिसऱ्या केबिनीतला संगणक त्याच वर्षी बदललेला होता आणि त्यावर ६४ बिटचे जावा ८ होते.

अडचण कशी उलगडत गेली

नव्या संगणकावर जुनी बॅट फाइल चालवताच कंपायलरने पहिल्याच फाइलीवर सांगितले की ‘ग्नू डॉट आयओ’ नावाचे पॅकेज अस्तित्वात नाही. बॅट फाइल उघडून पाहिली तर तिच्यात क्लासपाथचा, म्हणजे क्लास आणि जार कोठे शोधायच्या त्या यादीचा, उल्लेखच नव्हता. मग दहा वर्षे हे कंपाईल कसे होत होते? उत्तर मेलेल्या हार्ड डिस्कवर होते. जुन्या प्रोग्रॅमरने आरएक्सटीएक्स आणि पीओआयच्या जार जावाच्या स्वतःच्या ‘लिब’ फोल्डरातील ‘एक्स्ट’ या उपफोल्डरात टाकल्या होत्या. जावा ८ पर्यंत या फोल्डरातील प्रत्येक जार कंपायलरला आणि चालणाऱ्या प्रोग्रॅमला आपोआप दिसत असे. सोय मोठी होती, पण प्रकल्पाला काय लागते याची नोंद प्रकल्पाच्या बाहेर, एका यंत्राच्या पोटात जाऊन बसली.

तरुण प्रोग्रॅमरला इंटरनेटवर ही युक्ती सापडली आणि त्याने जेडीके १७ मध्ये ‘एक्स्ट’ फोल्डर स्वतः तयार करून त्यात जार टाकल्या. त्यानंतर कंपायलर सुरूच होईना. जावा ९ मध्ये, म्हणजे २०१७ साली, ही यंत्रणा काढून टाकण्यात आली असून हा फोल्डर नुसता दिसला तरी जावा सुरू होण्यास नकार देते आणि क्लासपाथ वापरा असे सांगते. संदेश स्पष्ट होता. त्याने फोल्डर काढला आणि विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे त्या यंत्रावरील सर्व प्रोग्रॅमना दिसणाऱ्या नोंदीत, ‘क्लासपाथ’ या नावाने दोन्ही जारचे पत्ते लिहिले.

पुढची अडचण मराठीची होती. पावतीवरचे मराठी मजकूर थेट सोर्स फाइलींमध्ये यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, लिहिलेले होते. ‘ऊस पुरवठादार’ या ओळीवर कंपायलरने अक्षर ओळखता येत नाही अशी चूक दाखवली, तर ‘वजन पावती’ ही ओळ त्याने मुकाट स्वीकारली. एकाच फाइलीतल्या दोन मराठी ओळींपैकी एकच का अडली, यावर त्या मुलाने एक संध्याकाळ घालवली. कारण मोठे मौजेचे आहे. कंपायलरला एन्कोडिंग सांगितले नसेल तर जेडीके १७ विंडोजची सांकेतिक पद्धत धरते, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती विंडोज-१२५२ असते. त्या पद्धतीत काही बाइट रिकामे आहेत, त्यांना कोणतेच अक्षर नेमलेले नाही. पहिला उकार आणि हलन्त यांचा यूटीएफ-८ मधला शेवटचा बाइट नेमका अशा रिकाम्या जागी पडतो. ‘पुरवठादार’मध्ये उकार आहे म्हणून चूक दिसली, ‘वजन पावती’मध्ये उकार नाही, जोडाक्षर नाही, म्हणून ती ओळ कचरा होऊन पुढे गेली. जुन्या संगणकावर हा प्रश्न का आला नाही, तर तेथे आणखी एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये यूटीएफ-८ लिहिलेले होते. तेही डिस्कबरोबर गेले.

‘-एन्कोडिंग यूटीएफ-८’ हा पर्याय बॅट फाइलीत घातला आणि प्रश्न मिटला.

आता पीओआय. एक्सएलएसएक्ससाठी ३.८ ची एकटी मूळ जार पुरत नव्हती. प्रोग्रॅमरने ४.१.२ आवृत्तीची झिप उतरवली आणि तिच्यातल्या दोन जार घेतल्या, कारण कंपायलरने तेवढ्याच मागितल्या. जुन्या कोडमध्ये एक्सेलमधल्या पेशीचा प्रकार पूर्णांकाने तपासला जात होता आणि पीओआय ४ मध्ये त्या जागी स्वतंत्र प्रकार आला आहे, म्हणून त्याने काही ओळी बदलल्या. कंपाईल निर्दोष झाले. अहवालाचे बटण दाबताच मात्र प्रोग्रॅम थांबला, ‘कॉमन्स कलेक्शन्स’मधला एक क्लास सापडत नाही म्हणून. कंपायलर आपल्या कोडमध्ये ज्यांचा थेट उल्लेख आहे, त्यांच्यापुरतीच चौकशी करतो. त्या क्लासना आतून आणखी कोण लागते हे चालवतानाच कळते. ‘कॉमन्स कलेक्शन्स’, ‘कॉमन्स कम्प्रेस’, ‘एक्सएमएल बीन्स’ आणि स्कीमांची जार अशी भर एकेक चूक पाहत पडत गेली.

एवढे झाल्यावर प्रोग्रॅम नव्या संगणकावर पूर्ण चालला आणि त्याची जार केबिनींत नेण्यात आली. केबिनींत मात्र तो मुळीच सुरू होईना, कारण जेडीके १७ ने बनवलेल्या क्लास फाइलींवर ६१ हा आवृत्ती क्रमांक असतो आणि जावा ८ ला फक्त ५२ पर्यंतचे वाचता येते. प्रोग्रॅमरने बॅट फाइलीत ‘-सोर्स ८’ आणि ‘-टार्गेट ८’ हे दोन पर्याय वाढवले. कंपाईल करताना एका ओळीचा इशारा आला, त्याकडे कोणी पाहिले नाही. केबिनींत ‘जावा -जार’ असे चालवले की क्लासपाथचे व्हेरिएबल वाचलेच जात नाही, हेही त्याच्या लक्षात आले, म्हणून त्याने जारच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या माहितीच्या फाइलीत, सगळ्या लायब्ररींची नावे लिहिली.

आता प्रोग्रॅम तिन्ही केबिनींत उघडला. पहिल्या दोन केबिनींत अहवाल तयार होताना ‘अशी मेथड नाही’ (मेथड म्हणजे क्लासकडून करवून घेता येणारे एक काम) अशी चूक येऊन थांबे. तिसऱ्या केबिनीत अहवाल व्यवस्थित होई, पण सीरियल पोर्टच उघडत नसे. आणि जेथे पोर्ट उघडत होते त्या दोन्ही केबिनींत पडद्यावर वजनाच्या जागी शून्य दिसे. काटा क्लार्क मला म्हणाले ते वाक्य अजून लक्षात आहे: “साहेब, काटा बरोबर दाखवतोय, तुमचा कॉम्प्युटरच शून्य म्हणतोय.”

तिसऱ्या केबिनीवरून एक वेगळाच घोळ झाला. चूक दाखवणारा संदेश असा होता की ‘एएमडी ६४ बिट’ यंत्रणेवर ३२ बिटची डीएलएल (विंडोजची स्वतःच्या स्वरूपातली लायब्ररी फाइल) चढवता येत नाही. संगणकात इंटेलचा प्रोसेसर आहे हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे पुरवठादाराने भलताच प्रोसेसर दिला की काय, इथपर्यंत बोलणे गेले. वस्तुतः ६४ बिटची ही पद्धत एएमडीने आधी आणली म्हणून तिचे ते नाव रूढ झाले, इंटेलच्या यंत्रावरही संदेशात तेच नाव येते. खरा मुद्दा डीएलएलचा होता. आरएक्सटीएक्सला जारशिवाय एक नेटिव्ह डीएलएल लागते आणि ती क्लासपाथमध्ये शोधली जात नाही. तिच्यासाठी जावाचा वेगळा लायब्ररी पाथ असतो, आणि डीएलएल ज्या जावात चढते त्याच्याइतक्याच बिटची असावी लागते.

निदान

मी आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे केबिनीतल्या शॉर्टकटमधले ‘जावाडब्ल्यू’ काढून तेथे ‘जावा’ लिहिले. जावाडब्ल्यूने चालवलेल्या प्रोग्रॅमला काळी खिडकी नसते, त्यामुळे मागच्या थ्रेडमध्ये, म्हणजे पडद्यामागे समांतर चालणाऱ्या कामात, फुटलेली चूक कोठेही छापली जात नाही. खिडकी उघडताच शून्याचे कारण दिसले. इंडिकेटरकडून आलेले बाइट साठवणाऱ्या बफरवर ‘फ्लिप’ ही मेथड बोलावली जात होती आणि जावा ८ म्हणत होते की बाइट बफर परत देणारी ‘फ्लिप’ माझ्याकडे नाही.

हे समजून घेण्यासारखे आहे. जावा ८ मध्ये ‘फ्लिप’ ही मेथड ‘बफर’ या मूळ क्लासमध्ये आहे आणि ती ‘बफर’ परत देते. जावा ९ पासून ‘बाइट बफर’मध्ये तिची स्वतंत्र आवृत्ती आली, जी ‘बाइट बफर’ परत देते. सोर्स कोडमध्ये दोन्हीकडे एकच ओळ लिहावी लागते, परंतु कंपायलर क्लास फाइलीत मेथडच्या नावाबरोबर तिचा परतीचा प्रकारही कोरून ठेवतो. ‘-सोर्स ८’ आणि ‘-टार्गेट ८’ यांनी भाषेचे नियम आणि फाइलीचा क्रमांक तेवढा जुना झाला. क्लासची चौकशी मात्र जेडीके १७ च्याच लायब्ररीत झाली. दुर्लक्षिला गेलेला तो एका ओळीचा इशारा नेमके हेच सांगत होता.

पहिल्या दोन केबिनींतल्या अहवालाचे कोडे शोधायला ‘-व्हर्बोज:क्लास’ हा पर्याय लावला. तो लावला की जावा प्रत्येक क्लास कोणत्या फाइलीतून उचलला ते छापते. हजारो ओळींत पीओआयची ओळ शोधली आणि तेथे पत्ता दिसला तो केबिनीतल्या जावाच्या ‘एक्स्ट’ फोल्डरातील पीओआय ३.८ चा. पूर्वी कधीतरी ठेवलेली जार केबिनींतही तशीच होती. ‘एक्स्ट’मधले क्लास शोधणारा लोडर हा प्रोग्रॅमच्या लोडरचा वडीलधारा असतो आणि आधी त्याला विचारले जाते, म्हणून मॅनिफेस्टमध्ये नवी जार लिहिलेली असूनही जुनीच वापरली जात होती. कंपायलरने ४.१.२ पाहून कोड मान्य केला होता आणि काट्यावर तो ३.८ पुढे जाऊन उभा राहत होता. तिसऱ्या केबिनीतले जावा नवे, त्याचे ‘एक्स्ट’ स्वच्छ, म्हणून तेथे अहवाल होत होता.

तपासलेले पर्याय

मेव्हन आणावे असे विभागप्रमुखांचे म्हणणे होते. आतून लागणाऱ्या लायब्ररी ते आपोआप आणते, त्यामुळे एकेक चूक पाहून जार जमवण्याचा त्रास मुळातच झाला नसता. तरी मी विरोध केला. कारखान्याच्या जाळ्यातून बाहेरच्या भांडारापर्यंत पोहोचण्यास परवानग्या लागत होत्या, विभागात मेव्हन वापरलेले कोणी नव्हते, आणि समोर उभ्या असलेल्या तीन चुकांपैकी डीएलएलची आणि केबिनीतल्या ‘एक्स्ट’ची चूक मेव्हनने सुटणारी नव्हती.

आरएक्सटीएक्स काढून जेसीरियलकॉम वापरावे हा दुसरा विचार. त्या लायब्ररीच्या जारमध्येच निरनिराळ्या यंत्रणांसाठीची नेटिव्ह फाइल असते, त्यामुळे बिटचा प्रश्न राहत नाही. तांत्रिक दृष्टीने हाच उत्तम मार्ग होता. पण त्यासाठी इंडिकेटर वाचणारा संपूर्ण भाग पुन्हा लिहावा लागला असता, आणि शेतकऱ्याच्या पैशाचा आकडा ज्या कोडमधून जातो तो हंगामाच्या तोंडावर बदलणे मला पटले नाही.

केबिनींतल्या ‘एक्स्ट’मधली जुनी जार काढून टाकणे सर्वांत सोपे दिसत होते. विभागातल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने सांगितले की त्याच संगणकांवर वाहतूक बिलांचा एक जुना प्रोग्रॅम चालतो आणि त्याला काय लागते ते कोणालाच माहीत नाही. त्या एका वाक्याने तो पर्याय मागे पडला. ‘एक्स्ट’चा मार्गच रिकामा ठेवण्याचा पर्याय चालवताना देता येतो, पण जावा ८ चे स्वतःचे कूटलेखनाचे घटकही त्याच फोल्डरात राहतात, त्यामुळे त्यातून दुसरीच अडचण उभी राहिली असती.

पीओआयची कोणती आवृत्ती घ्यावी यावरही थोडा वेळ गेला. ५.२ उपलब्ध होती आणि तीही जावा ८ वर चालते. पण लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या गंभीर सुरक्षा दोषाच्या प्रकरणानंतर त्या नावाची कोणतीही जार यंत्रांवर नको असा विभागाचा आदेश होता आणि पीओआय ५.१ पासून लॉग४जेची एपीआय जार लागते. दोष लॉग४जेच्या ‘कोअर’ जारमध्ये होता, एपीआयमध्ये नव्हता, हे मी सांगून पाहिले. आदेश बदलून घेण्यात आठवडा जाईल असे दिसल्यावर ४.१.२ वरच थांबलो. हा निर्णय तांत्रिक नव्हता हे मान्य करायला हवे.

निर्णय आणि कृती

शेवटी ठरले ते असे की केबिनीतल्या जावावर अवलंबून राहायचेच नाही. प्रोग्रॅमच्या फोल्डरातच जावा ८ चे स्वतंत्र ३२ बिटचे रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा भाग, ठेवायचे आणि शॉर्टकटने तेच चालवायचे. त्यासाठी एक्लिप्स टेमुरिनचे मुक्त परवान्याचे वितरण घेतले. ३२ बिटचे रनटाइम ६४ बिटच्या विंडोजवरही चालते, त्यामुळे तिन्ही केबिनींत तीच जुनी, पारखलेली डीएलएल चालणार होती. शिवाय या रनटाइमचे ‘एक्स्ट’ स्वच्छ असल्याने पीओआय ३.८ ची सावलीही दूर झाली आणि बिलांच्या प्रोग्रॅमला कोणी हात लावला नाही.

बॅट फाइल नव्याने लिहिली. प्रत्यक्ष फाइलीत अर्थातच रोमन लिपीत असलेली तिची मुख्य ओळ उच्चारानुसार अशी आहे:

जावासी --रिलीज ८ -एन्कोडिंग यूटीएफ-८ -सीपी "लिब/*" -सोर्सपाथ सोर्स -डी क्लासेस सोर्स/काटा/मुख्य.जावा

‘--रिलीज ८’ हा पर्याय जेडीके ९ पासून आहे. तो दिला की कंपायलर भाषा, फाइलीचा क्रमांक आणि जावाची मूळ लायब्ररी या तिन्ही गोष्टी आठव्या आवृत्तीच्या धरतो. ‘-सोर्स’ आणि ‘-टार्गेट’ त्याच्याबरोबर देता येत नाहीत, देण्याची गरजही उरत नाही. ‘फ्लिप’चा प्रश्न कोडची एकही ओळ न बदलता येथेच संपला.

‘-सीपी’ दिले की एन्व्हायर्नमेंटमधले क्लासपाथ व्हेरिएबल बाजूला पडते, म्हणून ते व्हेरिएबल नव्या संगणकावरून काढूनच टाकले. ते राहिले असते तर बॅट फाइलीतली एखादी चूक या यंत्रावर झाकली गेली असती आणि दुसऱ्या यंत्रावर उघडी पडली असती. ‘लिब’ हा आता प्रोग्रॅमचाच, सगळ्या जार ठेवलेला फोल्डर; त्याच्या नावापुढच्या ताऱ्यावर आमचा बराच खल झाला. तो फक्त त्या फोल्डरातील जार उचलतो, उपफोल्डरात शिरत नाही, आणि जार कोणत्या क्रमाने लागतील याची हमी देत नाही. तारा लिहिताना पुढे ‘.जार’ जोडण्याची चूक तरुण प्रोग्रॅमरने केली होती, तसे लिहिले तर तो चालत नाही. प्रत्येक जारचे नाव वेगळे लिहावे असे मला वाटत होते. पण मग पुढच्या वेळी जार बदलताना बॅट फाइल बदलायची राहून जाईल, हा त्याचा मुद्दा मला मान्य झाला. तारा ठेवला आणि एका लायब्ररीची दुसरी आवृत्ती ‘लिब’मध्ये कधीही ठेवायची नाही, जुनी जार त्याच फोल्डरात ‘जुनी’ असे नाव देऊन ठेवणेही नाही, असा नियम केला. शेवट ‘.जार’ असेल तर नाव काहीही असले तरी तारा ती उचलतोच.

मॅनिफेस्टमधली यादी रद्द केली. शॉर्टकट आता ‘-जार’ न वापरता प्रोग्रॅमची जार आणि ‘लिब’चा तारा क्लासपाथमध्ये देऊन मुख्य क्लास चालवतो. अशा रीतीने कंपाईल करताना आणि चालवताना एकाच फोल्डराकडे पाहिले जाते. डीएलएलसाठी प्रोग्रॅमच्या फोल्डरातच वेगळी जागा केली आणि लायब्ररी पाथ शॉर्टकटमध्ये लिहिला.

‘लिब’च्या शेजारी एक साधी मजकूर फाइल ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक जारचे नाव, आवृत्ती, ती कोठून घेतली, कोणाला लागते आणि तिचा शा-२५६ ठसा (फाइल बदलली आहे का ते ओळखणारा आकडा), असे पाच रकाने आहेत. ठसा विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ने निघतो. ‘कोणाला लागते’ या रकान्यात पीओआयच्या जारपुढे ‘आमच्या कोडला’ आणि ‘एक्सएमएल बीन्स’पुढे ‘पीओआयला’ असे लिहिलेले आहे. हा रकाना त्या मुलाच्या कल्पनेतला, आणि सगळ्या फाइलीत मला तोच सर्वांत कामाचा वाटतो.

काट्यावरची चाचणी

चाचणीसाठी कारखान्याच्याच ट्रॅक्टरमध्ये बगॅस भरून तो तिन्ही काट्यांवर फिरवला. इंडिकेटरवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा क्लार्कने वहीत शेजारीशेजारी लिहिला. पहिल्या काट्यावर सगळे जुळले. दुसऱ्यावर पावतीवरची मराठी अक्षरे चौकोन होऊन आली. तेथे फाँटच नव्हता, कंपायलरचा त्यात दोष नव्हता, पण आधीच्या अनुभवाने सर्वांचा पहिला संशय एन्कोडिंगवरच गेला आणि तासभर वाया गेला. तिसऱ्या काट्यावर पोर्ट पहिल्यांदाच उघडले.

त्यानंतर प्रोग्रॅमचा फोल्डर, ज्यावर जावा कधीच टाकलेले नाही अशा लेखा विभागातल्या एका संगणकावर नुसता उतरवून अहवाल काढून पाहिला. तो निघाला तेव्हाच काम झाले असे मी मानले. विकसनाच्या संगणकावर चाललेल्या कोणत्याही प्रोग्रॅमबाबत ही खात्री देता येत नाही, कारण तेथे काय काय आधीपासून पडलेले असते ते आपल्यालाच आठवत नाही.

परिणाम

मोळी पडली त्या दिवशी तिन्ही केबिनींत नवा प्रोग्रॅम चालू होता. हंगामात त्याच्यामुळे काटा थांबला नाही. शेतकी खात्याचा अहवाल पहिल्या आठवड्यात दोनदा चुकला, तो मात्र बेरजेतल्या एका साध्या चुकीमुळे. डिसेंबरमध्ये पहिल्या केबिनीतला संगणक बंद पडला, तेव्हा काटा क्लार्कने राखीव संगणकावर सर्व्हरवरून फोल्डर उतरवला, फाँट टाकला आणि काम सुरू केले. प्रोग्रॅमरला बोलवावे लागले नाही.

वेगळे काय करता आले असते

माझ्याकडून राहिलेली सर्वांत मोठी गोष्ट ही की विकसनाच्या संगणकावर जेडीके १७ च का, हे मी विचारलेच नाही. जेडीके ८ तेथे ठेवता आला असता. दोन जेडीके एका यंत्रावर गुण्यागोविंदाने नांदतात. तसे केले असते तर आवृत्ती क्रमांकाचा आणि ‘फ्लिप’चा प्रश्न उद्भवलाच नसता. नवे आहे तेच वापरायचे, हे आम्ही सगळ्यांनी नकळत गृहीत धरले होते. ‘--रिलीज’ने तोच परिणाम साधला हे खरे, पण तो पर्याय मूळ जावापुरताच पहारा देतो, ‘लिब’मधल्या जार कोणत्या आवृत्तीसाठी बनल्या आहेत हे आम्हाला वेगळे तपासावे लागले.

दुसरे, कंपायलरचा इशारा. तो चुकीसारखा काम अडवत नाही म्हणून कोणी वाचला नाही. इशारे चूक म्हणून धरण्याचा पर्याय कंपायलरला देता येतो. तो सुरुवातीपासून लावला असता तर ‘-सोर्स ८’ लिहिताच काम तेथेच थांबले असते आणि काट्यावर शून्य दिसण्याआधी कारण कळले असते. मी हा पर्याय आता लावला आहे. जुन्या कोडमुळे त्याने पहिल्या दिवशी पुष्कळ आरडाओरडा केला.

मेव्हनला मी केलेला विरोध त्या तीन आठवड्यांपुरता योग्य होता असे मला अजूनही वाटते. हंगाम संपल्यावर ते काम हाती घ्यायचे ठरले होते. ते झाले नाही, कारण चालणाऱ्या गोष्टीला हात लावण्यासाठी कारखान्यात वेळ मंजूर होत नाही. जेसीरियलकॉमचेही तेच झाले आहे. तरुण प्रोग्रॅमरने चौथ्या, वापरात नसलेल्या इंडिकेटरवर त्याची एक चाचणी करून ठेवली आहे, आणि वही-पावतीची तुलना करण्यासाठी त्याला एखादा काटा ऑफ सीझनमध्ये आठवडाभर मोकळा हवा आहे. तसा अर्ज त्याने दिला आहे.